चिंधी बांधलेला अंगठा

गणपतदादांच्या डाव्या अंगठ्याला कायम एक पांढरी चिंधी बांधलेली असायची. चौऱ्याहत्तर साली मी मेडशीपलीकडच्या त्या खेड्यात शाळामास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तेच खोलीपर्यंत आले. ट्रंक उतरवताना मी विचारलं, "अंगठ्याला काय लागलं हो?"

"काई नाई लागलं," ते म्हणाले. "काई होऊ नये म्हून बांधला."

मी चहा दिला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं कपबशी अशी लख्ख पुसली, की मला वाटलं गृहस्थ भलताच टापटिपीचा आहे. टापटीप कसली! कपावर अंगठ्याचा ठसा राहिला तर मास्तर तो उचलून कागदावर लावील, अशी त्यांना धास्ती होती. चिंधी असताना ठसा कसा उमटेल, असं मी पुढे ओळख वाढल्यावर विचारलं. "चिंधीतूनबी उमटला तं?" नव्या माणसावर इतका विश्वास टाकणारा मनुष्य मला पुन्हा भेटला नाही.

धास्तीचं कारण मात्र खरं होतं. मी यायच्या दोन वर्षं आधी तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी शाईचा पॅड घेऊन गावात आला होता. कर्जाच्या दर अर्जासाठी लोकांना खेटे पडू नयेत, म्हणून त्यानं मोठ्या मनानं सगळ्या सभासदांचे अंगठे कोऱ्या फॉर्मांवर, पाठीमागे फक्त नाव टिपून, एकदमच घेऊन ठेवले. वर काय लिहायचं ते मागाहून बघू! लोकांनी रांग लावून अंगठे दिले. गणपतदादांनी दिला, आणि माहेरचं दीड एकर नावावर होतं म्हणून त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनीही दिला. आठ दिवसांनी बातमी आली, की फॉर्मांची पिशवीच हरवली. सेक्रेटरीनं हात वर केले, त्याची बदली झाली. गावानं दोन दिवस बोंब मारली आणि तूर कापायला निघून गेलं.

एकटे गणपतदादा विसरले नाहीत. कुठल्या तरी चोराच्या घरात आपला अंगठा कोऱ्या कागदावर पडलाय, तो वर हवं ते लिहून आपलं शेत खाऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्याच उन्हाळ्यात यमुनाबाई तापानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. मग तर राखण करण्यावाचून त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही.

दर बाजाराच्या दिवशी ते मेडशीला पटवाऱ्यापुढे जाऊन उभे राहायचे. "पाहा बरं, माह्या नावावर काई चढलं का?"

पटवारी वही न उघडताच म्हणायचा, "तुमच्या नावावर काही नाही, तुमीच माह्या डोक्यावर चढून राह्यले."

"अन् बुढीच्या?"

"अरे बाप्पा, ती बाई वारली नं! आता तिच्या नावावर कोन काय उचलीन?"

"मेल्या मानसाचा अंगठा तं चोराले लय कामाचा," दादा गंभीरपणे सांगायचे. "ते थोडीच नाई म्हनाले येते?"

पटवाऱ्याला वही उघडावीच लागायची.

एकदा तर त्यांनी कोतवालाला गाठून गावात दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! गणपतच्या अंगठ्यावर कोनी कोनाले काई देऊ नये होऽऽ!" दुसऱ्या दिवशी स्वतःच दुकानात गेले आणि नेहमीप्रमाणे गूळ उधार मागितला. दुकानदार म्हणाला, "दवंडी झाली नं दादा. तुमच्या अंगठ्यावर काई देता येत नाही."

दादांचा चेहरा फुलला. "शाब्बास! असाच पक्का राह्य!" मग जरा घुटमळून म्हणाले, "पन आता गूळ तं दे." दुकानदार पक्काच राहिला. दादांनी आठवडाभर बिनगुळाचा चहा मोठ्या अभिमानानं प्याला.

त्यांचं एक पालुपद होतं: "कोरी जागा सोडू नका." माझं हजेरीपत्रक दिसलं, की रिकाम्या रकान्यावर बोट. "गुरुजी, इथं कोनी काई लिहीन नं!" मी आईला पोस्टकार्ड लिहीत असलो, की खालच्या मोकळ्या जागेत रेघा ओढल्याशिवाय ते हलायचे नाहीत. शेवटी आईचं पत्र आलं, की तुझी तब्येत बरी आहे ना, पत्राच्या शेवटी हात थरथरलेला दिसतो.

मी वैतागून म्हटलं, "दादा, त्यापेक्षा सही करायला शिका. मग अंगठ्याची कटकटच नको." हे त्यांना पटलं. काना-मात्रा नसलेलं नाव ठेवून आईबापानं मोठेच उपकार केले होते, तरी चार अक्षरांना दोन महिने लागले. 'ग' लवकर आला. 'ण' काढताना मात्र औत धरल्यासारखा घाम फुटायचा. पाटीवर पहिल्यांदा सबंध 'गणपत' उमटलं, तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि चटकन पुसून टाकलं. कोणी पाहिलं तर!

आणि मग एक दिवस ती पिशवी सापडली. ती चोराकडे गेलीच नव्हती. जुन्या सेक्रेटरीच्या सासुरवाडीला, खुंटीवर, सासऱ्याच्या कोटाखाली ती इतकी वर्षं सुखानं लटकत होती. सासऱ्यानं नवा कोट शिवला तेव्हा उजेडात आली.

नव्या सेक्रेटरीनं शहाणपणा केला. शाळेच्या ओसरीत सगळ्यांना बोलावलं, आणि ज्याचा त्यानं आपला फॉर्म घेऊन सर्वांसमक्ष फाडावा असं ठरलं. दादांनी आपल्या फॉर्मचे मोहरीएवढे तुकडे केले, माझ्या बादलीत भिजवले आणि त्यांचा लगदा केला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

"यमुनाबाई गणपत," सेक्रेटरीनं पुकारलं. दादा पुढे झाले. कागद हातात घेऊन नुसतेच उभे राहिले.

"फाडा नं दादा!" कोणीतरी ओरडलं.

"घरी फाडतो," ते म्हणाले, आणि घडी घालून चालू लागले.

जगाला चार वर्षं सावध करणारा माणूस कोरा फॉर्म घेऊन घरी गेला, हे काही मला उमजेना. सकाळी उठून मी त्यांच्याकडे गेलो. दादा चुलीपाशी होते. अंगठ्याला चिंधी नव्हती. आतला अंगठा फार वेळ पाण्यात खेळलेल्या लहान मुलाचा असावा तसा पांढुरका, सुरकुतलेला दिसत होता.

फळीवर, देवाशेजारी, तो फॉर्म उभा होता. खाली यमुनाबाईंचा अंगठा, निळसर, इवलासा. आणि वरची सगळी जागा, रकमेची, तारखेची, साक्षीदारांची, अगदी समासापर्यंत, पेन्सिलीनं भरलेली: गणपत गणपत गणपत गणपत. तिसऱ्या ओळीतला एक 'ण' चुकला होता. मास्तर असूनही मी तो तसाच राहू दिला. इतके दिवस या माणसाच्या चिंधीची टिंगल केली, याची मला लाज वाटली.

"फाडायचं ठरलं होतं ना, दादा?"

"कायले फाडू, गुरुजी? फोटू नाई काढला तिचा कधी. हातची म्हून एवढीच निशानी. ते चोराच्या घरी पडून राह्यली, म्हून जीव लागत नोता." ते फळीपाशी गेले आणि आपला उघडा अंगठा हलकेच तिच्या अंगठ्यावर टेकवला. "अन् कोरी जागा कुठी सोडली मी? पाहा तुमीच."

जागा खरंच कुठं नव्हती.

"पस्तीस वर्सं संसार केला," ते म्हणाले, "पन बुढीनं तोंडानं माहं नाव नाई घेतलं कधी. आता घेतलं पाहा. अंगठा देऊन."