टर्बो दम घेतोय

दिगूदादाच्या गाडीतून उतरायचं असेल तर आधी एक मिनिट थांबावं लागतं. गाडी बिल्डिंगखाली उभी राहिलेली असते, हँडब्रेक ओढलेला असतो, आपला हात दाराच्या कडीवर असतो, आणि दिगूदादा डावा हात वर करून म्हणतो, "बसा. टर्बो दम घेतोय."

मग सगळे बसतात. इंजिन गुरगुरत राहतं. दिगूदादा समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत राहतो. या मिनिटांमध्ये मी आजवर कोथिंबीर निवडली आहे, फोनवरचे सगळे निरोप वाचलेत आणि एकदा चक्क डुलकी काढली आहे. माझ्या मावसभावाच्या लग्नात नवरदेव याच गाडीत होता. हॉलच्या दारात बँडवाले उभे, आत्या ओवाळायचं ताट घेऊन पुढे आलेली, आणि दिगूदादाचा हात वर. बँडवाल्यांनी एक गाणं जास्तीचं वाजवलं. नवरदेव घाम पुसत म्हणाला, "दादा, मुहूर्त!" दादा म्हणाला, "मुहूर्त तुझा आहे. टर्बो माझा आहे."

टर्बो म्हणजे डिझेल इंजिनाला जास्तीची हवा पाजणारा एक छोटा पंखा. गाडी जोरात पळवली की तो सणसणीत तापतो, आणि इंजिन एकदम बंद केलं तर त्याचं तेल थांबतं, तो करपतो. एवढं ज्ञान मला आहे, कारण गेली पंधरा वर्षं ते मला न मागता दिलं जातंय. मी एका कारखान्याचं स्टोअर्स सांभाळते. नटबोल्टांची मला सवय आहे. तरीही.

दिगूदादा, म्हणजे दिगंबर तावडे, मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. मी आणि आई वरच, पहिल्या मजल्यावर. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. विक्रोळीला एका कारखान्यात तो तीस वर्षं तपासनीस होता. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि केसभर चुकला तरी परत पाठवायचा, हे त्याचं काम. लग्नाचं राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग आईचं, मग "आता कोण बघतंय" म्हणायचं वय झालं.

तर अशा एकट्या माणसानं पंधरा वर्षांपूर्वी सात सीटची डिझेल गाडी घेतली. अख्खी बिल्डिंग हसली. मीही हसले. "अरे दिगूदादा, एकाला सात सीट? रोज वेगळ्या सीटवर बसणार का?"

"हस गो हस," तो म्हणाला. "दोन सीटवाल्याला कोण विचारतं? सात सीटवाल्याला सगळे विचारतात, 'दादा, येतोस काय?'"

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की मी तो विनोद समजून सोडून दिला.

गाडीचं नाव बाय. दिगूदादा आमच्याशी मुंबईचं बोलतो, पण बायशी मात्र मालवणीत. सकाळी चावी फिरवताना हळूच म्हणतो, "चल गो बाय माझे, उठ." चढावर म्हणतो, "घाय नको, घाय नको." बायचं दार दोन बोटांनी लावायचं असतं. कोणी आपटलं की तो त्या माणसाला खाली बोलावून पुन्हा लावायला लावतो. "घरचा फ्रिज असाच लावतेस?" मी घरचा फ्रिज ढोपरानं लावते, पण ते त्याला सांगितलेलं नाही.

त्यानं गाडीत बरंच काही बदललं, पण बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं काही दिसणार नाही. आमच्या गल्लीतली पोरं गाड्यांना निळे दिवे लावतात, सायलेन्सर फाडून आवाज काढतात. दिगूदादा त्यांना म्हणतो, "गाडी सजवणं वेगळं, सुधारणं वेगळं. लग्नात नटून गेलास म्हणून तुझा गुडघा बरा होतो काय?" एकानं त्याला सुचवलं होतं, कॉम्प्युटर लावून इंजिनाची सेटिंग बदला काका, भन्नाट पळेल. दादा म्हणाला, "तिचं डोकं तिच्याकडे राहू दे. तुझं आधी शोध."

त्याची सुधारणा म्हणजे अंड्यांची परीक्षा. सगळ्यात मागच्या सीटवर ताटात रुमाल अंथरायचा, त्यावर बारा अंडी मोकळी ठेवायची, आणि ऐरोलीचा पूल ओलांडून सगळे गतिरोधक घेत परत यायचं. पहिल्या फेरीत सात फुटली. मग त्यानं मागचे शॉकअब्जॉर्बर बदलले. चार फुटली. खालची रबरं बदलली, टायर बदलले. दोन. शेवटी तो स्वतः मागच्या सीटवर बसला आणि मला गाडी चालवायला लावली. परत येऊन मला म्हणाला, "गाडीत दोष नव्हता. माझा क्लच पाय उतावळा होता." मग महिनाभर त्यानं पाय सुधारला. बारापैकी बारा अंडी शाबूत आली त्या दिवशी त्यानं ताट घेऊन चारही मजले फिरून दाखवलं. त्या काळात आमच्याकडे इतकी भुर्जी झाली की आईनं कोंबडीचं नाव टाकलं.

मी उगाच कौतुक करणारी बाई नाही. पण दिगूदादा गाडी चालवतो ते बघण्यासारखं असतं. गिअर बदललेला मागच्याला कळता कामा नये, हा त्याचा नियम. ब्रेक तो जपून वापरतो, जणू उसना आणलाय. कोकणात जाताना कशेडीला आता बोगदा झालाय, पण हा अजून जुन्या घाटानं जातो. "बोगदा म्हणजे लिफ्ट गो. त्यात चालवायचं काय?" घाटात बाय तिसऱ्या गिअरवर जड आवाजात एकसुरी चढत राहते आणि दादाच्या चेहऱ्यावर गाणं ऐकणाऱ्या माणसासारखा भाव येतो. दोन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नातीच्या लग्नाला चिपळूणला जायचंच म्हणून ती हटून बसली. डॉक्टर म्हणाले, धक्का नको. दिगूदादा म्हणाला, "धक्का? माझ्या गाडीत?" खेडजवळ चहाला थांबलो तेव्हा आई डोळे चोळत उतरली आणि म्हणाली, "अगं, घाट कधी यायचा?"

दिगूदादानं त्या दिवशी दोन चहा प्यायले. त्याचा तो सर्वोच्च सन्मान होता.

या वर्षी बायला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. पास झाली तर नोंदणी पुढे चालू, नाहीतर भंगार. ठाण्याला राहणारा त्याचा पुतण्या अमोल घरी आला आणि आमच्या देखत म्हणाला, "काका, आता पुरे. मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय. तुम्हाला एक छोटी बॅटरीवाली गाडी घेऊ. एकट्या माणसाला काय लागतं?"

अमोल निघाला तेव्हा दिगूदादानं फक्त त्याच्या गाडीचं दार किती जोरात लागतं ते खिडकीतून ऐकलं.

तपासणीची तारीख नोंदणी संपायच्या शेवटच्या दिवसाची मिळाली. ती चुकली तर बाय रस्त्यावर आणायची सोय नव्हती. मी रजा घेतली. कागद मी बघणार होते. दिगूदादाला कागद दाखवले की तो त्यांची जाडी मोजतो.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी कपडे वाळत घालत होते. खाली नळीचा आवाज. वाकून बघते तर बायचं बॉनेट उघडं आणि दिगूदादा इंजिनावर पाणी मारतोय.

हे समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. इंजिनावर पाणी मारणाऱ्याला गाडी ठेवायचा अधिकार नाही, हे त्याचं पंधरा वर्षांचं वाक्य. गाड्या धुणारा एकजण केवळ या एका कारणावरून त्यानं बदलला होता.

मी धावत खाली गेले. "दिगूदादा, काय करतोयस?"

"साहेब बॉनेट उघडेल ना गो. धूळ दिसायला नको."

"आणि पाणी?"

त्यानं हातातल्या नळीकडे असं बघितलं, जणू ती त्याच्या हातात दुसऱ्याच कोणी दिली असावी.

चावी फिरवली. बाय सुरू झाली, पण खोकत. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेना. पॅडल दाबलं तर ओढच नाही. दिगूदादा पायरीवर बसला. तीस वर्षं केसभर चूक परत पाठवणारा माणूस. "माझ्या हातानं," तो म्हणाला. "सुषे, माझ्या हातानं मी तिची वाट लावली."

"रडायचं ते पास झाल्यावर रड. पाणी कुठे गेलं असेल ते दाखव."

त्यानं वायरींचे चार जोड दाखवले. मी वर जाऊन माझा केस वाळवायचा ड्रायर आणला, त्याच्या स्वयंपाकघरातून वायर ओढली आणि एकेक जोड सोडवून वाळवायला बसले. पहिल्या मजल्यावरून आई ओरडली, "सुषमा, कोणाचे केस?"

"बायचे!"

पाऊण तास लागला. दिगूदादा बाजूला उभा राहून "जास्त जवळ नको, जास्त जवळ नको" एवढंच म्हणत होता. चौथ्यांदा चावी फिरवल्यावर दिवा विझला. त्यानं पॅडल हळूच दाबलं आणि बाय नेहमीच्या आवाजात हुंकारली. मला बरं वाटलं, हे मी कबूल करते.

वाटेत तो हवा भरायला थांबला. हायवेलगतच्या पंक्चरवाल्या चाचांकडे तो गेली कित्येक वर्षं जातो. मी पहिल्यांदाच बरोबर होते. चाचांनी नळी लावली, मागच्या सीटवर नजर टाकली आणि विचारलं, "आज अम्मा नहीं है? फिर तो तैंतीस डालूं?"

"हां हां, डालो," दिगूदादा घाईनं म्हणाला.

"कोण अम्मा?" मी विचारलं.

चाचांनीच उत्तर दिलं. "आपकी अम्मा. वो बैठने वाली हो तो साहब दो पौंड कम रखवाते हैं. कमर को झटका नहीं लगना चाहिए ना. छोड़ के आने के बाद फिर आते हैं, दो पौंड वापस भरने."

आईला खुब्याच्या डॉक्टरकडे नेणं-आणणं गेली दोन वर्षं चालू आहे. प्रत्येक वेळी आधी एक खेप आणि नंतर एक खेप. मी दिगूदादाकडे बघितलं. तो टायरकडे बघत होता.

आरटीओत साहेब तरुण होता. चासी नंबर पाहिला, दिवे, हॉर्न, धुराचा कागद पाहिला, वाकून खालून पाहिलं. "रंग नवा मारलाय?"

"पहिलाच आहे, साहेब."

"पंधरा वर्षांची वाटत नाही. एक राउंड मारून आणा. मॅडम, तुम्ही इथेच थांबा."

दिगूदादा एकटा बसला. बाय मैदानाला गोल फेरी मारून समोर येऊन उभी राहिली. त्यानं हँडब्रेक ओढला आणि लगेच चावी फिरवून इंजिन बंद केलं.

लगेच.

साहेबांनी सही केली. मी कागद घेतले, दोनदा वाचले, पिशवीत ठेवले. दिगूदादा हसत होता, डोळे पुसत होता, बायच्या बॉनेटवर हात फिरवत होता. मी विचारलं, "टर्बोनं दम घेतला नाही आज?"

"एवढ्याशा फेरीला दम कसला गो? घाट चढल्यावर लागतो. हळू चालवलं की तो तापतच नाही." बोलून गेल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "चल. जेवायला उशीर होईल तुझ्या आईला."

मी गाडीत बसले आणि हिशोबी बाई असल्यामुळे मनात जुळवत गेले. बाजारातून बिल्डिंगपर्यंत रस्त्यात एवढी गर्दी की गाडी सरपटत येते. दम घ्यायचं कारण काय? माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट पार्किंगवर उघडते. एकटा येतो तेव्हा दिगूदादा काय करतो, हे मी पंधरा वर्षं भाजी फोडणीला टाकता टाकता पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. चावी, दार, दोन बोटं, आत.

बिल्डिंग आली. बाय तिच्या जागेवर उभी राहिली. आज त्याचा हात वर झाला नाही. तो मुकाट्यानं चावीकडे गेला.

"थांब," मी म्हटलं. "एक मिनिट."

"आता कशाला? हळूच तर आलो."

"पुलाचा चढ होता. बघितला मी."

दिगूदादानं चावी सोडली. इंजिन गुरगुरत राहिलं. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. पुढच्या महिन्यात आईला पुन्हा चिपळूणला न्यायचं का, ते बोललो. अमोलच्या दारावर थोडं बोललो. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं.

वरून आई गॅलरीत आली. "काय गं, पास झाली ना? मग उतरत का नाही? बिघडली की काय?"

मी काच खाली केली आणि ओरडले, "नाही गं! टर्बो दम घेतोय!"