मिस ओझेलाच्या दारात काळी गाडी

"किल्ली," टॉलबर्टसाहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावरून हात पुढे केला.

रेनिटाला आधी उमजेचना. ती एजन्सी सोडायचं बोलायला आली होती खरी, पण 'सोडते' हा शब्द अजून तोंडातून बाहेर पडला नव्हता. 'विचार करतेय' एवढंच ती म्हणाली होती.

"गाडी एजन्सीची आहे," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "एजन्सीत राहिलीस तर गाडी. स्वतंत्र झालीस तर पाय. मी काही दुष्ट माणूस नाही, रेनिटा. आजचा दिवस घे. तुझ्या हिमतीवर एक गिऱ्हाईक करून दाखव. केलंस तर सुखाने जा. नाही जमलं तर उद्या सकाळी मुकाट्याने ये, मी एका शब्दाने टोचणार नाही."

साहेब टोचणार नाहीत हे अशक्य होतं, पण बाकी ते खोटं बोलत नव्हते. जॉर्जियातल्या त्या टॅलिसन गावात अंत्यविधीचा विमा म्हणजे टॉलबर्ट. आपल्यामागे शवपेटीसाठी लेकरांना चर्चमध्ये थाळी फिरवावी लागू नये म्हणून म्हातारी माणसं जो छोटासा विमा काढतात, तो साहेबांच्या वडिलांनी दारोदार फिरून विकला आणि आता साहेब एजन्सी थाटून विकत होते. एजन्सी रेनिटाला गिऱ्हाइकांची नावं द्यायची, टेबल द्यायची, दारावर 'टॉलबर्ट' असं सोनेरी रंगवलेली गाडी द्यायची. बदल्यात अर्धं कमिशन घ्यायची, आणि सगळ्या संध्याकाळी. संध्याकाळी ऑफिसात बसून फोन लावायचे, हा साहेबांचा नियम. रेनिटा घरी पोचायची तेव्हा तिची दोन वर्षांची झारिया झोपलेली असायची. गेल्या आठवड्यात झारियाने आजीला 'मम्मा' अशी हाक मारली. आजीने लगेच दुरुस्ती केली, पण ती हाक रेनिटाच्या कानातून जाईना.

म्हणून साहेब जिचा विमा विकत, त्याच कंपनीकडे तिने गुपचूप स्वतःच्या नावाने नोंदणी केली होती. स्वतंत्र व्हायचं म्हणजे कमिशन सगळं आपलं आणि संध्याकाळही आपली. मात्र गिऱ्हाईक आपण शोधायचं, पंक्चर आपण काढायचं, आणि पडलो तर उठायचंही आपणच.

तिच्या हातात एकच आशा होती. आईच्या चर्चमधल्या गायनमंडळातल्या मिस ओझेला (तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, 'मिस'च म्हणतात) रविवारी तिच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "उद्या ये. पण एकटी ये आणि बोभाटा करू नकोस."

टॅलिसनमध्ये बस नाही. मिस ओझेला गावाच्या दुसऱ्या टोकाला. रेनिटाने मावसभावाला, डेक्वानला फोन लावला. तो फ्युनरल होममध्ये गाड्या धुवायला होता.

"गाडी आहे गं," डेक्वान म्हणाला, "पण जरा लांब आहे."

"किती लांब? मी चालत येते."

"तशी लांब नाही. लांबीला लांब."

तिथे पोचल्यावर रेनिटा कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "डेक्वान, ही मयताची गाडी आहे."

"रिकामी आहे ना! एसी बघ कसला गारेगार आहे. आज कुणाचं काही नाही, संध्याकाळपर्यंत आण. फक्त वळताना जपून, मागचं टोक तुझ्यानंतर बऱ्याच वेळाने येतं."

गाडी कोपऱ्यावर लपवायची असं रेनिटाने वाटेत ठरवलं होतं, पण कोपरा पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलेला. शेवटी ती लांबलचक, काळीशार, चकचकीत गाडी बरोबर मिस ओझेलाच्या दारात उभी राहिली.

मिस ओझेलांनी दार उघडलं, आधी गाडीकडे पाहिलं, मग रेनिटाकडे. "लवकर आलीस की गं. मी अजून आहे."

"मिस ओझेला, माफ करा, दुसरी गाडीच मिळेना..."

"असू दे. माझा नवरा याच गाडीतून गेला. चांगली चालते, तक्रार म्हणून केली नाही त्याने. ये आत. आणि आधी ते पडदे ओढ."

"पडदे? का?"

"वय विचारणार ना तुम्ही लोक? समोर व्हर्नेल राहते. तिला रस्त्यापलीकडून ओठ वाचता येतात. चर्चमध्ये मी एकाहत्तर वर्षांची आहे."

"आणि घरात?"

"ते मी फोनवर कुजबुजून सांगेन. घरचा फोनही काढून ठेव. मध्येच वाजला तर माझी लिंक तुटते."

तर अशी व्यवस्था झाली. पडदे ओढले गेले, फोन बाजूला काढला गेला, रेनिटाने टाच चावणारे बूट काढून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवले आणि आपल्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. कंपनीचा नियम असा की विमा काढणाऱ्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या आवाजात द्यायची, ती तिकडे ध्वनिमुद्रित होतात. पण आधी कंपनी गाणं ऐकवते. त्या दिवशी तिने फारच मन लावून ऐकवलं. मिस ओझेला बिस्किटावर, म्हणजे तिकडच्या मऊ, फुगलेल्या पावावर, लोणी लावत त्या गाण्याला खालचा सूर देत बसल्या.

तेवढ्या वेळात समोर काय घडलं ते रेनिटाला नंतर कळलं. व्हर्नेलबाईंनी खिडकीतून काळी गाडी पाहिली. भर दिवसा ओढलेले पडदे पाहिले. फोन लावला तर तो लागेना. आता एवढ्यावर माणूस आणखी काय समजणार? आणि टॅलिसनमध्ये कुणी गेल्याचं कळलं की बायका चौकशी करत बसत नाहीत, मयताच्या घरी जेवण न्यायचं म्हणून ओव्हन लावतात. ज्यांच्याकडे काही तयार होतं त्या तेच झाकून निघाल्या. तळलेलं चिकन निघालं, चीज घातलेली मॅकरोनी निघाली, पाठोपाठ केक निघाले. व्हर्नेलबाईंनी पास्टरना कळवलं, आणि ओझेलाने विमा काढला होता की नाही या काळजीने टॉलबर्टसाहेबांच्या ऑफिसातही फोन केला.

इकडे गाणं एकदाचं थांबलं आणि एक तरुण, अतिशय सभ्य आवाज आला. नाव झालं, पत्ता झाला. वय मिस ओझेलांनी ओढणीआडून सांगावं तसं हाताच्या आडोशाने सांगितलं.

"गेल्या दोन वर्षांत हृदयाचा काही त्रास, मॅडम?"

मिस ओझेला उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच बाहेर दारापुढच्या ओट्यावर टाहो फुटला. "अगं देवा! ओझेला गेली गं! आमची ओझेला गेली!"

"हे काय होतं?" सभ्य आवाजाने विचारलं.

"काही नाही, शेजारी आहेत," रेनिटा घाईघाईने म्हणाली.

"कोण गेलं म्हणाल्या त्या?"

"ओझेला."

"आणि अर्जदाराचं नाव?"

रेनिटाने डोळे मिटून घेतले. "ओझेला."

"मॅडम, मृत व्यक्तीचा विमा आमची कंपनी काढत नाही."

"अहो, जिवंत आहेत त्या! माझ्यासमोर बिस्किट खातायत!"

"मी बोलतेय बाळा," मिस ओझेला मोबाइलच्या दिशेने ओरडल्या. "हृदय ठणठणीत आहे."

"आवाज कुणीही काढू शकतं," तो आवाज दुःखाने म्हणाला. "मॅडम, तुमची नोंदणी नवी आहे, आणि पहिलाच अर्ज हा असा. मला वरिष्ठांना सांगावं लागेल. कदाचित नोंदणी थांबवतील. आमच्या जुन्या लोकांपैकी कुणी तुमच्यासाठी शब्द टाकू शकेल का? मी थांबतो." आणि पुन्हा गाणं सुरू झालं.

रेनिटा अनवाणीच बाहेर धावली. ओटा माणसांनी आणि अंगण भांड्यांनी भरलं होतं. "त्या जिवंत आहेत!" ती जीव तोडून ओरडली. "मिस ओझेला जिवंत आहेत!"

व्हर्नेलबाईंनी तिला छातीशी कवटाळलं. "हो गं पोरी. आपल्या मनात ती कायम जिवंत आहे."

"मनात नाही हो, स्वयंपाकघरात!"

"स्वयंपाकघरातही आहे. सगळीकडे आहे ती." मागच्या बायकांनी 'आमेन' म्हटलं.

रेनिटा त्या मिठीतून सुटायची धडपड करत "जिवंत आहेत, जिवंत आहेत" म्हणत राहिली. जितकी ती ओरडे तितक्या सगळ्याजणी तिच्या पाठीवरून जास्तच मायेने हात फिरवत. शेवटी जाळीचं दार करकरलं आणि मिस ओझेला हाताला लागलेलं लोणी एप्रनला पुसत बाहेर आल्या.

कुणाच्या तरी हातातून मॅकरोनीचं भांडं पडलं.

मिस ओझेलांनी सावकाश नजर फिरवली. माणसं पाहिली, मग पदार्थ पाहिले. एका केकपाशी थांबल्या. "व्हर्नेल, हा दुकानातला केक आहे. खोक्यातून काढून स्वतःच्या ताटलीत ठेवलाय."

"तू मेली होतीस गं," व्हर्नेलबाई रडत हसत म्हणाल्या. "घाईत दुसरं काय सुचणार?"

"तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी पहाटे उठून अंडी फेटली होती."

एवढ्यात फाटकाशी सोनेरी अक्षरांची गाडी थांबली. टॉलबर्टसाहेब काळा सूट घालून उतरले. हातात चंदेरी कागदात गुंडाळलेलं भलंमोठं हॅम. एरवी ते ऑफिसातून दुपारी बाहेर पडत नसत, पण मयताच्या घरी ते स्वतः जात, वडील जात तसे. मान खाली घालून ते पायऱ्या चढले, समोर जी पहिली बाई दिसली तिचा हात हातात घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ओझेला गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं."

"मलाही वाटलं," मिस ओझेला म्हणाल्या.

साहेबांनी वर पाहिलं. हॅम व्हर्नेलबाईंनी वेळीच झेललं म्हणून वाचलं.

रेनिटाच्या हातातल्या मोबाइलवरचं गाणं तेवढ्यात थांबलं. "मॅडम? शब्द टाकणारं कुणी मिळालं?"

तिच्यासमोर अख्ख्या गावात असा एकच माणूस उभा होता, आणि त्याच माणसाला सोडून जायला ती निघाली होती. रेनिटाने एक क्षण पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग मोबाइल साहेबांपुढे धरला.

साहेबांना सगळं कळायला वेळ लागला नाही. दारातली गाडी, पडदे, अंगणातल्या बायका. ते खाकरले. "टॉलबर्ट बोलतोय, टॅलिसनहून. हो, तोच. बाई जिवंत आहेत. माझ्या टायला नावं ठेवतायत या घटकेला. आणि ही मुलगी सरळ आहे. मी शिकवलीय तिला." थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग मोबाइलवर हात ठेवून रेनिटाला हळूच म्हणाले, "अर्ज माझ्या एजन्सीच्या नावावर लावला तर आत्ता होईल म्हणतो. तुझ्या नावावर हवा तर पुन्हा पहिल्यापासून."

त्यांच्या बोलण्यात कुठे लबाडी नव्हती, हेच जास्त वाईट होतं. पडल्यावर उठवायला कुणीतरी असावं लागतं, ते असं. रेनिटाने पापण्या फडफडवून डोळे कोरडे केले. "लावा तुमच्या नावावर, साहेब. उद्या येते मी."

"आण इकडे तो फोन," मिस ओझेला म्हणाल्या. साहेबांनी मुकाट दिला. "हं, बाळा, ऐक. मरायचं कुणाला आहे? मला ना? मग मला विचार. ही सगळी गल्ली मी मेले म्हणून आली. भरल्या हातांनी आली, देव त्यांचं भलं करो. टॉलबर्टही हॅम घेऊन आला. पण मी जिवंत आहे म्हणून अनवाणी ओरडत होती ती ही एकटी. हिच्याच नावावर लाव. पहिल्यापासून तर पहिल्यापासून. मला कुठे जायची घाई आहे?"

"ठीक आहे, मॅडम," सभ्य आवाज म्हणाला. "मग वय सांगा."

मिस ओझेलांनी ओट्यावरचे सगळे कान पाहिले. एकदा मोठा श्वास घेतला. "अठ्ठ्याहत्तर," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. मग व्हर्नेलबाईंकडे वळून, "हां, बोल आता."

"मी काय बोलणार? मी ऐंशी धरत होते."

अर्ज पुरा झाला तेव्हा अंगणात अर्धी मॅकरोनी संपली होती. जेवल्याशिवाय मिस ओझेलांनी कुणाला सोडलं नाही. स्वतःच्या मयताचं जेवण स्वतः वाढायला किती जणांना मिळतं, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी दुकानातल्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि रेनिटाला म्हणाले, "अडलीस तर फोन कर. सकाळी कर. संध्याकाळी आम्ही कामात असतो." आणि मग स्वतःच जरासे हसले.

ऊन अजून चांगलं वर होतं. झारियाची दुपारची झोप आटोपायची वेळ. रेनिटा काळ्या गाडीत बसली आणि मागचं टोक सांभाळत, जीव मुठीत धरून, बैलगाडीच्या वेगाने निघाली. पहिल्याच वळणावर समोरून येणारा ट्रक बाजूला थांबला. चालकाने टोपी काढून छातीशी धरली. त्याच्यामागची गाडी थांबली, मग तिच्यामागची. त्या भागात मयताची गाडी दिसली की सगळे असेच कडेला थांबतात, आणि काही झालं तरी तिला मागे टाकून पुढे जात नाहीत. आत कुणी आहे की नाही, हे कुणी डोकावून बघत नाही.

रेनिटाने आरशात पाहिलं. मागे सोनेरी अक्षरांची गाडी होती. टॉलबर्टसाहेबांना ऑफिस गाठायची घाई होती. त्यांनी एकदा डावीकडे तोंड काढून पुढे सरकायचा प्रयत्न केला, तशी कडेला उभ्या म्हाताऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की साहेब शरमून पुन्हा मागे आले. मग मयताच्या मागून जाताना दिवे लावायच्या तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांनी गाडीचे दिवे लावले. त्यांचं बघून मागच्या गाडीने लावले. तिच्यामागच्यांनीही.

घराचा रस्ता लांब होता. रेनिटाने पाय जरासुद्धा दाबला नाही. तिला जमेल त्या वेगाने ती चालली होती, आणि टॉलबर्टसाहेब दिवे लावून तिच्या मागून येत होते.