पांढऱ्या अक्षरांच्या स्वारीची हकीकत

श्री. प्रथम नमन कुलदेवतेस, दुसरे नमन त्या पासवर्डास, जो धन्यांस कधी आठवला नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, ते दिवशी राज्यात गनीम सापडला, त्याची हकीकत ऐसी जे, राज्य म्हणजे पाककृतींची वेबसाइट, एकशे बारा पाने, आणि ती कुमुदिनीबाईसाहेबांनी स्वहस्ते वसविली. बाईसाहेब चौदा महिन्यांपूर्वी वारल्या आणि राज्य धन्यांकडे आले, आणि धनी म्हणजे त्यांचे यजमान, ज्यांस चहापलीकडे स्वयंपाक येत नव्हता. मग धन्यांनी एकच राजनीती धरिली की बाईंनी ठेविले ते हलवू नये. बाईंचा चष्मा संगणकापाशी होता तो तेथेच, कॅलेंडर त्याच महिन्यावर, आणि संगणकावर वेबसाइट रोज विनवी की अपडेट करा, त्यास धनी रोज "नंतर" म्हणत आणि यास निष्ठा समजत.

मग पंचमीस मेव्हणी मालनबाई यांचा फोन आला. बोलिल्या, "भावोजी, बारशाला ताईचं लिंबाचं लोणचं करायचं म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर ताईच्या नावाखाली जुगार आणि मर्दानी गोळ्या! दुकान काढलंत की काय?"

"मला तर लोणचंच दिसतंय."

"माउस दाबून पान वरून खाली ओढा बघू."

धन्यांनी ओढिले आणि पान निळे जाहले, आणि मीठमोहरीच्या मधून पांढऱ्यावर पांढरी लिहिलेली अक्षरे वर आली, जुगाराचे पत्ते आणि गोळ्यांची नावे. धनी त्या पानापुढे रोज सकाळी बसत असत आणि त्यांस काही दिसले नव्हते. मग वेबसाइटला जागा देणारे कंपनीतील तांबोळी यांस फोन लाविला.

"काका, अपडेट शेवटचं कधी केलं?"

"बायको होती तेव्हा."

तांबोळी बोलिले, "तिथूनच शिरलेत. दार मी लावतो, पासवर्डही बदलू. पण पानापानात लपलंय त्याचं काय? जुनी प्रत ठेवलीय कुठे?"

"प्रत म्हणजे?"

"मग सगळं पुसा, काका. नवं लिहा."

"लिहिणारी गेली," धनी बोलिले, आणि एकशे बारा पाने हातांनी निवडावयाची ठरली.

मग नऊ दिवस मोहीम चालली. पान ओढावे, निळे करावे, पांढरे शोधावे आणि खोडावे. पहिलेच दिवशी धन्यांनी गनीम समजून हळदीचे प्रमाण खोडिले आणि मालनबाईंस विचारून परत लिहिले. एकतीस वर्षे जेविले, परंतु भाजणीत काय काय पडते हे प्रथमच वाचिले, आणि वाचता वाचता चष्मा पुष्कळदा पुसावा लागला. मग सत्तराव्या पानी, थालीपिठाखाली, एक पांढरी ओळ निघाली, आणि बोट खोडावयाच्या बटणावर गेलेच होते. ओळ ऐसी: "दुधी किसून, पिळून घालावा. आमच्याकडे एकजण दुधीला शिवत नाही, तो ही चार खातो. सांगू नये."

धन्यांनी मालनबाईंस विचारिले, "गनिमाला दुधी कसा ठाऊक?"

मालनबाई हसू लागल्या आणि बोलिल्या, "अक्षरं पांढरी कशी करायची ते मीच ताईला शिकवलं, भावोजी. आम्ही सगळ्या बायका ते पान ओढून वाचतो. तुम्हीच तेवढे राहिला होतात."

एकूण ऐसे जे, गनीम गेला, राज्य राहिले. अपडेट विचारताक्षणी होते आणि कॅलेंडरही पुढे उलटले. ती एक ओळ पांढरीच ठेविली. अमावास्येस धन्यांनी दुधी आणून, किसून, पिळून थालीपिठे लाविली आणि पहिले तव्यास चिकटले. दुधी अजूनही आवडत नाही. चार खाल्ली.