गालिच्याखालचा रेडिओ

अशी कल्पना करा, बाळांनो, की तुम्ही नव्याकोऱ्या गालिच्यावर उभे आहात आणि तुमच्या तळपायाखालून एक गृहस्थ अगदी समजूतदारपणे सांगतायत, "कोबीवर गोगलगायी चढल्या, तर आधी घाबरून जाऊ नका."

तुम्ही काय कराल? शेजारच्या टॅमसिनने केलं तेच कराल. ती गुडघ्यांवर बसली, गालिच्याला कान लावला आणि ओरडली, "आजी! जोरीकाकांनी रेडिओ गाडला!"

झालं होतं ते असं. कॉर्नवॉलमधल्या एका बंदरावर लव्हडे आजी एकटी राहायची. एकटी म्हणायचं ते आपलं म्हणायला, कारण घरात दिवसभर रेडिओ बोलायचा. पहाटे शेतीभाती, मग बातम्या, मग बायकांच्या गप्पा, दुपारी बागकाम नि नाटक, संध्याकाळी समुद्राचं हवामान. मधमाश्या कशा नाचतात इथपासून मंत्री का रुसले इथपर्यंत आजीला सगळं ठाऊक असे. शाळेत जे राहून गेलं ते तिला या आवाजांनी शिकवलं होतं, तेही कधी न रागावता.

पण हिवाळ्यात आजी जिन्यावरून घसरली आणि डॉक्टरांनी फर्मावलं, एकटं राहणं बंद. वरच्या खोलीत भाडेकरू मिळाला तर ठीक, नाहीतर येत्या रविवारी कायमचं मुलाकडे स्विंडनला. स्विंडनहून समुद्र दिसत नाही. आजी म्हणायची, "तिथं मी खिडकीतून काय, बसगाड्या बघू?"

खोलीसाठी एकाच माणसाने फोन केला, हॅडनसाहेबांनी. अटही एकच घातली: घर शांत हवं.

त्यांच्यासाठीच बैठकीतल्या जमिनीच्या कुजक्या फळ्या बदलल्या, वर नवा गालिचा आला. जोरी सुताराला काम करताना बोलणं ऐकायची सवय. त्याने आजीचा रेडिओ फळ्यांखालच्या पोकळीत ठेवला, तल्लीन होऊन फळ्या ठोकल्या, गालिचा चारी बाजूंनी खिळवला आणि हत्यारं घेऊन दुसऱ्या कामावर निघून गेला.

"बॅटऱ्या संपतील गं आत्ता," आजी म्हणाली.

"कालच तर तू घातल्यास. दुकानदाराला म्हणालीस, सगळ्यात टिकाऊ दे."

"तू मेली सगळं लक्षात ठेवतेस! उपट तो गालिचा."

"आणि साहेब आले तर?"

दारावरची घंटा वाजली.

हॅडनसाहेब उंच, सडपातळ, हातात छोटी बॅग. ते आत आले आणि पायाखालून आवाज आला, "सर्वांत आधी मुळं तपासा."

साहेबांनी एकदा बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज वारा बरा आहे, नाही?"

"फारच बरा!" आजी जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

आता परक्या घरी, पहिल्याच भेटीत, तुमची जमीन का बोलते असं कोण विचारणार? साहेबांनी विचारलं नाही. आजीने सांगितलं नाही. टॅमसिन कपबशा आपटत, खोकत, खुर्च्या सरकवत राहिली.

"पोरीला सर्दी झालीय," आजी म्हणाली.

"होणारच, दिवसच तसे आहेत," साहेब म्हणाले.

मग नाटक लागलं. आजीने केशराचा बन पुढे केला, तोच खालून एक बाई किंचाळली, "त्यात विष आहे!" साहेबांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी बनचा मोठा घास घेतला. "सुरेख झालाय."

खोली बघून झाली, खिडकी बघून झाली. साहेब म्हणाले, "निघतो आता." पण खाली फौजदार नुकताच दार ठोठावत होता. साहेब पुन्हा बसले. "अजून अर्धा कप मिळेल?" खुनी सापडला, ते उठले. खाली एक प्राध्यापक रोमन लोकांच्या गटारांविषयी बोलू लागले, तर ते टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

स्वयंपाकघरात आजी कुजबुजली, "बिचारा! भिडेपोटी अडकलाय गं. गेलं माझं बंदर."

"पण आजी, ते टोपी घालतच नाहीयेत."

आणि मग समुद्राचं हवामान लागलं.

त्या गल्लीत हवामान चालू असताना कुणी तोंड उघडत नसे. आजोबा बोटीवर होते तेव्हापासूनची सवय. आजी किटली हातात धरून होती तिथेच थांबली. टॅमसिनने खोकणं थांबवलं. आणि साहेबांनी हळूच टोपी टेबलावर ठेवून मान खाली घातली.

रेडिओ समुद्राच्या भागांची नावं रोजच्याच क्रमाने म्हणू लागला, "डोव्हर, वाइट, पोर्टलंड..." आवाज खोल गेला, घरघरला आणि बंद पडला. सगळ्यात टिकाऊ बॅटऱ्या!

घर शांत झालं. अगदी साहेबांना हवं होतं तसं.

"प्लिमथ," साहेब हळूच म्हणाले.

"बिस्के," आजी म्हणाली.

"ट्रफाल्गर."

"तुम्ही बोटीवर होता का हो?"

"छे! मी कॉव्हेंट्रीत बुटांच्या दुकानात होतो. गुडघ्यापलीकडे पाण्यात गेलो नाही. पण बायको आणि मी, आम्ही रोज ऐकायचो. ती गेल्यापासून मी एकटाच ऐकतो." त्यांनी बॅगेतून छोटा रेडिओ काढला. "आधीच्या घरात खाली तालीमखाना होता, नुसती आदळआपट, एक शब्द ऐकू येत नसे. म्हणून शांत घर हवं होतं. पण हे तुम्हाला सांगायचं कसं? दिवसभर तुमच्या तळघरातली मंडळी इतकं छान बोलत होती, मध्ये तोंड घालवेना!"

आजी मटकन खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. "खोली आवडली ना?"

"खोली? बघितली होय मी? लक्ष सगळं त्या फौजदाराकडे. पण उद्याच येतो."

टॅमसिन मागच्या खोपटातून आजोबांची पहार घेऊन आली. तिने गालिच्याचा कोपरा उचकटला, फळी वर काढली, धुळीने माखलेला रेडिओ बाहेर घेतला. साहेबांनी आपल्या रेडिओतल्या बॅटऱ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या घातल्या, आवाज मोठा केला, दोघांकडे एकवार पाहिलं, "मंडळी तळघरातच बरी!" म्हणत रेडिओ होता तिथेच खाली ठेवला आणि वर फळी लावून तिच्यावर फतकल मारून बसली.