मार खाणारा हीरो

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुभेदारांना सिनेमातला हीरो आवडतो तो फक्त मार खाताना. एकट्यानं पन्नास जणांना लोळवणारा हीरो दिसला की त्यांचं तोंड वाकडं. "शर्टाची इस्तरी तरी मोडली का त्येच्या? पुतळा हाय त्यो!" असं म्हणत ते मध्यंतरातच उठून येतात. उभा जन्म फौजेत काढलेल्या माणसाचा हा निकाल, तेव्हा त्यावर अपील नाही.

उलट हीरो भ्याला, जिन्यावरून घसरला, मारामारी संपल्यावर कोपऱ्यात जाऊन रडला, की सुभेदार खूश. "ह्यो खरा गडी!" असला सिनेमा साताऱ्यात लागला नाही तर एसटीनं सांगली गाठतात. तिथं विश्रामबागेत लेक दिली आहे. तिच्याकडे चहा घेतला की थेट थिएटर. बाप आपल्याला भेटायला येतो की हाणामारी बघायला, हे विचारायचं तिनं सोडून दिलंय.

घरी एक मुलगा आहे, संदीप. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायचा. मागच्या वर्षी मोटारसायकलवरून पडला, पायात सळी घालावी लागली, पाय आखूड झाला आणि भरती राहिली. गल्लीतली पोरं चालण्याची नक्कल करतात म्हणून तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. सुभेदार त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ते सिनेमाच सांगतात.

तोही कसा? संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकायच्या, ऑफिसातून दमून आलेल्या मला समोर बसवायचं आणि कवायतीच्या आवाजात अख्खा सिनेमा ऐकवायचा. वर माझा चहा गार होत असतो. एकदा म्हटलं, "सुभेदार, मला ऐकू येतं हो." तर म्हणाले, "आवं, फायटिंग हळू कशी सांगायची?" आणि पुन्हा सुरू.

त्यांच्या सिनेमात हीरो हटकून लंगडायचा. कधी गोळी लागून, कधी पायावर खांब पडून, कधी नुसताच मुरगळून. "पाय फरफटत निघाला बगा! लोकं हसत्यात. हसू द्या की! गडी दारातनं भायेर पडलाच!" इथं ते थांबायचे आणि घसा खाकरायचे. माझी जांभई त्यांना दिसतच नसे.

गेल्या महिन्यात कामासाठी सांगलीला गेलो होतो. काम लवकर आटोपलं. सुभेदारांनी नुकताच सांगितलेला सिनेमा अजून चालू होता, म्हणून शिरलो. हीरो शेवटपर्यंत छपरांवरून उड्या मारत होता. गोळी नाही, खांब नाही, पायाला साधं खरचटलंसुद्धा नाही. म्हटलं, सापडले सुभेदार!

साताऱ्याला उतरलो तो तडक अंगणात. थाप पकडल्याचा आनंद पोटात मावत नव्हता.

"सुभेदार, तुमचा सिनेमा बघून आलो!"

ते खुर्चीतून उठले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या पाठीमागच्या, अर्धवट उघड्या खिडकीकडे बघत होते. ती संदीपच्या खोलीची खिडकी. इतके दिवस हा माणूस कुणासाठी घसा फोडत होता, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"लंगडतोय न्हवं त्यो?" त्यांनी विचारलं. आवाज कवायतीचा नव्हता.

खिडकीकडे तोंड करून मी ओरडलो, "लंगडतो की! लय लंगडतो! पण थांबत नाही!"

आत पलंग करकरला. एक पाऊल टेकल्याचा आणि एक ओढल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. सुभेदारांनी माझा दंड घट्ट धरला.

खिडकी आतून लावली गेली. कडीही घातल्याचं ऐकू आलं.

सुभेदार सावकाश खुर्चीत बसले. मला हातानं बसायची खूण केली.

"सांगा फुडं," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं सांगा. खिडकी लागलीया."