मोठीमायचा फोन कटत नाही

माझी मोठीमाय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, "कशी हायेस?" हे सगळ्यात शेवटी विचारते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

दोष तिचा नाही. गिरडच्या टेकडीमागे आमचं गाव, आणि रेंज टेकडीपलीकडेच थांबते. बारावीनंतर कॉलेजातून ॲडमिशनचा फोन आला, तो मला लागलाच नाही. जागा दुसऱ्याला गेली. मी वर्षभर दुसऱ्यांचा कापूस वेचला. अख्ख्या शिवारात रेंजची जागा एकच, मोठीमायच्या बांधावरचा धोंडा. त्यावर उभं राहिलं की अर्धा मिनिट फोन चालतो, मग कटतो. पुण्यात नोकरीला गेलेल्या मीनाशी, आपल्या एकुलत्या लेकीशी, ती पाच वर्षं तशीच बोलली. "कापूस भिजला. शेळी व्याली. मी बरी हाओ. तू कशी..." कट.

हळूहळू समोरच्या माणसांशीही ती तशीच बोलायला लागली. "मुद्द्याचं पह्यले, हालहवाल मंग," असं वर ठणकावून सांगायची. माझ्या भावासाठी आम्ही जाम गावाला मुलगी पाहायला गेलो. पाण्याचे पेले यायच्या आत ही म्हणाली, "पोरगी पसंत. लग्न वैशाखात. चाला." मुलगी अजून आतच होती! ते लग्न झालं आणि चांगलं टिकलं, त्यामुळे तिला कोणी काही बोलूही शकत नाही.

पण मीनाला सहावा महिना लागला आणि हे अंगाशी आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. धोंड्यावरून फोन केला तर मीना मला म्हणाली, "मी नाई येत. आईले शेळीचं सुचते, माह्यं नाई. पाच वर्षांत एक गोष्ट धड विचारली का तिनं?"

मोठीमायला हे सांगितलं. ती म्हणाली, "तिची मर्जी. भाकर खाऊन जा." आणि चुलीकडे तोंड करून बसली ती बसलीच.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबरची वायर मीच अर्जांवर अर्ज करून नुकतीच आमच्या घरात आणली होती. आमची आणि मोठीमायची भिंत एकच. तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मी वाय-फाय कॉलिंग चालू केलं. नंबर तोच, फक्त बोलणं टॉवरऐवजी वाय-फायवरून जातं.

"लाव आता मीनाले," मी म्हटलं.

तिनं चपला घातल्या आणि शेताकडे निघाली.

"अवं मोठीमाय, तिकडं नाई! घरात लागते आता!"

"घरात? मंग मले पाच वर्षं धोंड्यावर काऊन उभी केली?"

मीनानं फोन उचलला. मोठीमाय उभ्याउभ्याच सुटली, "कापूस निघाला. तूर बरी हाय. तू कशी हायेस?" आणि फोन कटायची वाट पाहत राहिली.

"हे कटून काऊन नाई राह्यलं?" तिनं मला विचारलं.

पलीकडून मीना म्हणाली, "बरी नाई मी, आई. कंबर लई दुखते."

मोठीमाय भिंतीला टेकून खाली बसली. फोन घेऊन बसलेलं मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "काय खावंसं वाटते तुले?"

मीना बोलत राहिली आणि ही ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "तुह्या वाट्याचं दूध मी अजून रोज पेल्यात काढतो. सांजेले मांजरीले घालतो. येजो वं बाई. घर खायाले उठते मले."

मी उठून अंगणात गेले.

सातव्या महिन्यात मीना घरी आली. बाळंतपण माहेरीच झालं.