झोंबलं का?

आमच्या कडुबामामांना मेकअप केलेली बाई दिसली की तिचा चेहरा पुसून काढावासा वाटतो. थांबा, लगेच भलता अर्थ काढू नका. मामा सदुसष्ट वर्षांचे आहेत, मूळचे पिशोरचे, आणि वाळूजच्या एका मलमाच्या कंपनीत टाक्या घोटण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाल्यावर माणसं देवाच्या मागं लागतात, नाहीतर सुनेच्या. मामा तेलाच्या मागं लागले. मेकअप उतरवायचं तेल.

सिडकोत माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे आणि मामा त्याच्या वरच्या मजल्यावर राहतात, हे माझं नशीब. एखादी करवली नटूनथटून बाहेर पडली की हे जिन्यात बाटली घेऊन उभे. "पोरी, रातच्याला उतरवशील कशानं?" ती बिचारी अजून लग्नाला पोचलेली नाही आणि ह्यांना उतरवायची घाई. मी किती वेळा भांडले. म्हटलं, मामा, मी दीड तास खपून चढवते आणि तुम्ही उतरवायच्या गोष्टी करता, माझा धंदा बसवायचाय का? तर म्हणाले, "चढवणारे लई हायेत गं. उतरवणाऱ्याचा हात बघावा."

मामांचं शास्त्र असं. तेलानं काजळ सुटतं, पण मग तेलच चेहऱ्याला सोडत नाही. म्हणून त्यात एक औषध घालायचं. पाणी लागलं की तेलाचं दूध होतं आणि धुऊन जातं. त्या औषधाचं इंग्रजी नाव मामांना तोंडपाठ आहे, पण ते त्याला 'मध्यस्थ' म्हणतात. तेल-पाण्याचं आपापसात कधी जमलंय का, मधी कुणीतरी लागतंच, असं त्यांचं म्हणणं. मध्यस्थ कमी पडला तर चेहऱ्याचं भजं होतं, जास्त झाला तर डोळ्याला झोंबतो. ह्या दोन्हींच्या मधलं माप शोधण्यात मामांनी तीन वर्षं घालवली.

पहिली बाटली घाण्याच्या करडई तेलाची. माझी गिऱ्हाइकं फोडणीचा वास घेऊन घरी गेली. वास मारायला मामा शहागंजात अत्तर आणायला गेले, तर तिथला म्हातारा अत्तरवाला बाटली हुंगून म्हणाला, "मियाँ, मुँह कू लगाना है या भजिये तलना है?" हे मामांनीच मला सांगितलं, अगदी गंभीर चेहऱ्यानं. शेवटी अत्तर घातलंच नाही, कारण अत्तरही झोंबतं म्हणे. मग खोबरेल घेतलं, ते थंडीत बाटलीतच थिजलं. अखेर सूर्यफुलावर गाडी थांबली.

प्रत्येक बाटली आधी स्वतःवर. माझ्याकडून न पुसणारं काजळ न्यायचे आणि आरशासमोर बसून डोळ्यांत भरायचे. एकदा तर लिपस्टिकही लावली, लालभडक, मिशीखाली. तेवढ्यात सिलिंडरवाला आला आणि मामांनी तसंच दार उघडलं. तो माणूस अजूनही सिलिंडर खालीच ठेवून जातो. एका बाटलीनं त्यांचा डोळा तीन दिवस लाल होता. मामींनी बोलणंच सोडून दिलं होतं. "माझं ऐकलं असतं तर हे असं का झालं असतं," एवढंच म्हणायच्या आणि भाजी निवडायला बसायच्या.

दुसऱ्यावर प्रयोग असला की मामांचं ठरलेलं. आधी दटावणी: हात कोरडे पाहिजेत, पाणी मागनं. मग वाकून, डोळ्यांत बघत एकच प्रश्न, "झोंबलं का?" काजळ निघालं का, चेहरा मऊ झाला का, छे. झोंबलं का? बाई नाही म्हणाली तरी विश्वास नाही. खरं सांग, भिऊ नको, असं म्हणून पुन्हा विचारायचे आणि मग वहीत लिहायचे.

एक दिवस माझं टाळकं सटकलं. म्हटलं, मामा, चांगलं साफ निघतंय, बास झालं की! सारखं आपलं झोंबलं का, झोंबलं का!

मामा रिकाम्या खुर्चीत बसले. बाटलीचं झाकण उघडत-लावत सांगू लागले.

त्यांची मुलगी रेणू आठवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली होती. गालाला लाली, डोळ्यांत काजळ. भावकीतलं कुणीतरी टोचून बोललं, आणि मामा तापून घरी आले. कंपनीत टाकीचा चिकटा रॉकेलनं निघायचा, त्यांना तेवढंच ठाऊक. रॉकेलचा बोळा घेतला आणि पोरीचं तोंड पुसून काढलं.

"आबा, झोंबतंय म्हनली ती," मामा म्हणाले. "मी म्हनलो, झोंबू दे."

तिचा डोळा आठ दिवस सुजला होता. ती रेणू आता पुण्यात नवऱ्या सजवते. वर्षातून एकदा येते, आईशी बोलते, बापाला 'हं' म्हणते आणि जाते. मला एकदम रडूच आलं. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला मी कितीदा हाडतूड केली होती.

ह्या वैशाखात पिशोरला रेणूच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, नवरीला सजवायला तीच आली. परत येताना माझ्याकडं थांब, मेकअप इथंच उतरव, असा मी फोन करून ठेवला. मामांनी तेविसावी बाटली माझ्या हातात दिली आणि बजावलं, "माझं नाव घिऊ नको. ती हात लावणार नाय." मी हो म्हटलं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सिडकोला माहीत आहे.

रेणू आरशासमोर बसली. मी बाटली पुढं केली आणि सगळं सांगून टाकलं. तीन वर्षं, तेवीस बाटल्या, मामांचा लाल झालेला डोळा, सिलिंडरवाला, सगळं. ती हसली नाही. बाटलीकडं बघत राहिली. मला वाटलं, बया, घालवलं मी सगळं. मध्यस्थ जास्त झाला.

मग तिनं हात टॉवेलला कोरडे केले. तेल घेतलं आणि डोळे मिटून चोळायला लागली. काजळ गालावर उतरलं. पाणी लागलं, दूध झालं, वाहून गेलं.

दारात चपला शोधायचं नाटक करत मामा उभे होते. आत यायची हिंमत नव्हती.

"झोंबलं का?" आवाज इतका बारीक की मला आधी कळलंच नाही.

रेणूनं एक डोळा उघडला. तो भरून आला होता.

"नाही, आबा."

मामांनी मान हलवली. वही काढायला खिशात हात घातला, तो तसाच राहिला. मग एक पाऊल आत टाकून, अगदी काळजीनं विचारलं,

"आन् दुसऱ्या डोळ्याला?"